फुटलेल्या मंडळ्यांची खतावणी

दिवसा मार्केट यार्डातल्या अडत दुकानाची वही लिहायची आणि रात्री ऑर्केस्ट्रात कीबोर्ड वाजवायचा, अशी माझी निम्मी हयात दुधनीत गेली. दुधनी अक्कलकोट तालुक्यात, महाराष्ट्राच्या अगदी काठावर. रेल्वेनं थोडं पुढं गेलं की गाणगापूर रोड, म्हणजे कर्नाटक. त्यामुळे सुपाऱ्याही दोन्हीकडून यायच्या. आज मैंदर्गी, उद्या आळंद, परवा अफजलपूर. मराठी गाणी हवीत, कन्नड तर हवीतच, आणि हिंदी लागल्याशिवाय स्टेजपुढची पोरं जागची हलत नाहीत. त्या ऑर्केस्ट्रात गायक बदलले, ऑक्टोपॅडवाले बदलले, निवेदक बदलले. एकदा तर ऐन गणपतीच्या तोंडावर निम्मा संच उठून गेला आणि दुसऱ्या नावानं उभा राहिला.

माझी पुतणी सोलापुरात कॉलेजला आहे. तिला कोरियन पोरांच्या ग्रुपांचं वेड. सुट्टीत घरी आली की "दोड्डप्पा, हे ऐक" म्हणत मोबाइल माझ्या कानाशी धरते. गाणी मला ठीकठाक वाटली. ऐकताना बरी वाटतात, दुसऱ्या दिवशी चाल आठवत नाही. पण त्या ग्रुपांतून कोण गेलं, का गेलं, नाव कुणाकडे राहिलं, हे ती सांगायला लागली तेव्हा मी वही मिटून ऐकत बसलो. सगळं ओळखीचं होतं. आमच्या ऑर्केस्ट्राशी जुळणारं, आणि त्याहून जास्त आपल्या जुन्या संगीत नाटक मंडळ्यांशी. माझे पेटीचे मास्तर नाट्यसंगीतातले. त्यांच्याकडे मी पदं कमी आणि मंडळ्यांच्या भानगडी जास्त शिकलो. या तिन्ही खात्यांवरून जे ध्यानात आलं ते इथं उतरवतो.

१. पोर लहानपणी हाताशी घेतलं की मोठेपणी वाद ठरलेला

कोरियातल्या कंपन्या अकरा-बारा वर्षांची पोरंसुद्धा निवडून घेतात. नाच, गाणं, परकी भाषा, कॅमेऱ्यापुढं कसं बोलायचं, सगळं शिकवतात. वर्षानुवर्षं घाम गाळल्यावर त्यातल्या थोड्यांनाच स्टेज मिळतं. पुतणीला याचं नवल वाटतं. मला वाटत नाही, कारण आपल्या मंडळ्यांनी हेच केलं. केशवराव भोसले कोल्हापूरचे, जन्म १८९० चा. अगदी पोरवयात स्वदेश हितचिंतक मंडळीत गेले आणि 'शारदा' नाटकातल्या शारदेच्या भूमिकेनं गाजले. मंडळीनं जेवू घातलं, तालीम दिली, नाव मिळवून दिलं. आणि १ जानेवारी १९०८ रोजी, वयाची अठरा वर्षंही पुरी झाली नव्हती तेव्हा, या पोरानं हुबळीत स्वतःची ललितकलादर्श काढली.

मंडळीच्या मालकाला वाटतं, याला आपण घडवला. पोराला वाटतं, गर्दी आपल्यामुळं होते. दोघांचंही खरं असतं, म्हणून तोड निघत नाही.

टीव्हीएक्सक्यू नावाचा पाच जणांचा ग्रुप २००३ च्या डिसेंबरात आला आणि काही वर्षांत जपानपर्यंत गाजला. कंपनीशी करार तेरा वर्षांचा. तेरा वर्षं! सोळाव्या वर्षी सही केली तर तिशीला टेकेपर्यंत सुटका नाही. २००९ मध्ये जेजूंग, यूचन आणि जुन्सू हे तिघं कोर्टात गेले. युनहो आणि चांगमिन कंपनीतच राहिले, नावही त्यांच्याकडेच राहिलं. तिघांनी जेवायजे म्हणून वेगळा संसार मांडला. त्याच साली तिथल्या व्यापार आयोगानं कलाकारांसाठी नमुना करार काढला आणि मुदतीला सात वर्षांची मर्यादा आली. तेव्हापासून ग्रुपला सातवं वर्ष लागलं की चाहते धास्तावतात. पुतणीच्या मोबाइलात अशा तारखा लिहिलेल्या आहेत. अडतीवर आम्ही हुंडीच्या मुदती लिहून ठेवायचो, त्याच निगुतीनं.

२. गेलेल्याची नक्कल आणून बसवू नये

आमचा पहिला गायक रफीची गाणी म्हणायचा. त्याला पुण्यात कंपनीत नोकरी लागली आणि तो गेला. मग सगळ्यांचं एकच, रफीचा आवाज शोधा. अक्कलकोट पाहिलं, सोलापूर पाहिलं. रफी म्हणणारे ढिगानं मिळाले, पण ऐकणारे म्हणायचे, "पहिला बरा होता." शेवटी आळंदकडचा एक पोरगा मिळाला. त्याला रफी अजिबात जमायचा नाही. राजकुमारांची कन्नड गाणी मात्र असा म्हणायचा की म्हातारी माणसं खुर्ची पुढं ओढून बसायची. आम्ही गाण्यांची यादीच बदलली. मध्यंतरापर्यंत कन्नड, मग मराठी, हिंदी शेवटाला. कर्नाटकातल्या जत्रांच्या सुपाऱ्या त्या वर्षापासून वाढल्या. पहिल्या गायकाची आठवण लोकांनी काढायची थांबवली, कारण तुलना करायला जागाच उरली नव्हती.

किर्लोस्कर मंडळीचा इतिहास पाहा. १८८० मध्ये पुण्यात 'शाकुंतल' करून अण्णासाहेबांनी सुरुवात केली आणि १८८५ मध्ये ते गेले. ज्याच्या नावाची मंडळी तोच पाच वर्षांत नाही. तरी ती चालली, कारण भाऊराव कोल्हटकर होते. १९०१ मध्ये भाऊराव गेले. लोक म्हणाले, आता संपलं. चार-पाच वर्षांनी नारायणराव राजहंस आले, म्हणजे बालगंधर्व. भाऊरावांचा आवाज तडफेचा, चढा. नारायणरावांचा मऊ, लडिवाळ. कुणी त्यांना भाऊरावांसारखं गायला लावलं नाही, हे मंडळीचं शहाणपण. पुढं १९११ मध्ये नानासाहेब जोगळेकर वारले आणि १९१३ मध्ये बालगंधर्व, गोविंदराव टेंबे व गणपतराव बोडस एकदम बाहेर पडले. तीन खांब एका वेळी. तरी किर्लोस्कर मंडळी लगेच बसली नाही. तिनं दीनानाथ मंगेशकर नावाचा पोरगा पुढं आणला. त्याची गायकी गंधर्वांच्या अगदी उलट अंगाची, आक्रमक.

तोही १९१८ मध्ये चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांच्यासह निघाला आणि बळवंत संगीत मंडळी उभी राहिली. यावर मास्तर पान जुळवत एवढंच म्हणायचे, "किर्लोस्करांनी माणसं घडवली, राखायची सोय केली नाही."

३. नाव कुणाचं, हे पहिल्या सुपारीआधी कागदावर आणावं

बीस्ट नावाचा ग्रुप २००९ मध्ये आला, सहा जणांचा. २०१६ मध्ये एक गेला. बाकीच्या पाच जणांनी कंपनी सोडली तेव्हा कळलं, नाव कंपनीच्या मालकीचं. इतकी वर्षं ज्या नावानं लोकांनी हाका मारल्या ते नाव त्यांना घेता येईना. २०१७ मध्ये हायलाइट या नव्या नावानं त्यांनी पुन्हा सुरुवात केली. पुढं आणखी एक गेला, चार राहिले. जुन्या नावाचा तोडगा निघायला २०२४ उजाडलं. शिनह्वा १९९८ चे, सहाच्या सहा टिकून राहिले, पण नावाचा वाद त्यांनाही २०१५ पर्यंत पुरला. गॉटसेव्हनची पोरं हुशार निघाली. २०२१ मध्ये सातही जण एकदम कंपनीतून बाहेर पडले आणि नावाचे हक्क पदरात पाडून घेतले.

आपल्याकडं याची दोन टोकं दिसतात. गंधर्व नाटक मंडळी हे एका माणसाचं नाव. टेंबे पुढं बाहेर पडले, त्यांनी शिवराज मंडळी काढली. बोडसही कालांतरानं निघाले. पाटी बदलावी लागली नाही, कारण पाटीवर ते नव्हतेच. पण मंडळीवर कर्ज चढलं तेव्हा तेही ज्याचं नाव त्याच्याच डोक्यावर बसलं. ललितकलादर्श हे नाव मात्र कुणा एकाचं नाही. केशवराव ४ ऑक्टोबर १९२१ रोजी गेले, वय अवघं एकतीस. बापूराव पेंढारकरांनी मंडळी पुढं चालवली. १९३७ मध्ये बापूराव गेले. १९४२ मध्ये त्यांचे चिरंजीव भालचंद्र, म्हणजे अण्णा पेंढारकर, यांनी ती पुन्हा उभी केली. संस्थापकाच्या घरातला कुणी नसताना नाव तीन पिढ्यांच्या हातांतून गेलं. केशवरावांनी हे जाणून केलं असेल की सहज सुचलं असेल, कोण जाणे.

आमच्याकडं निम्मा संच गेला तेव्हा बॅनर आमच्याजवळ राहिला आणि आम्ही गाफील होतो. खरा माल बॅनर नव्हताच. सुपाऱ्या ठरवणारा निवेदक त्यांच्याबरोबर गेला होता आणि गावोगावच्या मंडळांच्या अध्यक्षांकडं त्याचा मोबाइल नंबर होता. त्या वर्षी लोक नाव आमचं घ्यायचे आणि फोन त्याला करायचे.

४. आवाजावरून भांडण निघतं, पण मुळाशी हिशेब असतो

दिवाणजी असल्यामुळं मी हे पक्षपातानं म्हणतोय असं वाटेल. वाटू द्या.

ऑर्केस्ट्राची बिदागी हातात आली की आधी साउंडवाल्याचं भाडं, मग टेम्पोचं डिझेल, मग फीमेल आवाजासाठी बाहेरून आणलेल्या गायिकेचं पाकीट आणि तिच्या घरच्यांचा प्रवासखर्च. उरेल ते वाटायचं. गायक म्हणणार मला दुप्पट, ढोलकीवाला म्हणणार रात्रभर हात माझे मोडले. खर्च आधी सांगितला तर कुणी कुरकुरत नाही. न सांगता वजा केला की संशय शिरतो, आणि संशयाला फार पैसे लागत नाहीत. आमच्यात जी फूट पडली ती एका मुक्कामाच्या जेवणाच्या बिलावरून. भरणाऱ्यानं बिल दाखवलं नाही, बाकीच्यांनी मागितलं नाही. पुढं दोन महिने जो तो दुसऱ्याच्या आवाजात खोट काढत बसला, "तुझा सूर उतरतो", "तू लय पळवतोस". सूर तोच होता आणि लयही तीच.

आमच्या चुलत्यांच्या अडतीत एक रिवाज होता. शेतकऱ्याच्या पट्टीवर हमाली, तोलाई, अडत वेगवेगळ्या ओळींत लिहायची, एकत्र आकडा टाकायचा नाही. तीच पद्धत मी ऑर्केस्ट्राला लावली. कागद टेम्पोतच फिरायचा, टॉर्चच्या उजेडात सगळ्यांनी वाचायचा आणि गावात शिरायच्या आत पैसे हातात. तेव्हापासून गेलेली माणसं नोकरीला गेली, लग्न होऊन गेली, पण भांडून गेली नाहीत.

एक्सो हा २०१२ चा ग्रुप, सुरुवातीला बारा जण. त्यातले तिघं चिनी कलाकार २०१४-१५ मध्ये कोर्टकज्जे करून गेले. मग २०२३ मध्ये चेन, बेकह्यून आणि शूमिन या तिघांनी कंपनीशी वाद काढला, त्यात त्यांची एक मागणी होती की आमच्या कमाईचा तपशील दाखवा. पुतणीनं ही बातमी वाचून दाखवली तेव्हा मी म्हटलं, पट्टी मागतायत बिचारे.

गंधर्व मंडळीत प्रकार उलटा. तिथं लपवाछपवीपेक्षा दिलदारी नडली. जरतारी शालू अस्सल, दागिने झगमगते, अत्तराचा घमघमाट, पंगती मोठ्या. तिकिटं खपत असतानाही कर्ज वाढतच गेलं. बालगंधर्वांसारखा कलावंत पुन्हा होणे नाही हे मान्य, पण त्यांच्या मंडळीला एक कडक दिवाणजी हवा होता हे मी कुठंही सांगायला तयार आहे.

५. कोण कधी जाणार हे कॅलेंडरवर लिहिलेलं असतं

बारावीचा निकाल, पोलीस भरती, आयटीआय संपलं की चाकण, आणि मे महिन्यातली लग्नं. गावातल्या पोरांचा संच याच तारखांना हलतो. कोरियात पोरांना सक्तीची लष्करी सेवा आहे, ती सहसा चुकत नाही. बीटीएस म्हणजे त्यातला सगळ्यात मोठा ग्रुप, १३ जून २०१३ पासून सात जण, एकही बदल नाही. त्यांनीही डिसेंबर २०२२ पासून जून २०२५ पर्यंत एकेक करत सेवा उरकली. चाहत्यांना आधी ठाऊक होतं, कंपनीलाही. त्या काळात एकेकट्याची गाणी येत राहिली, म्हणून खाडा जाणवला नाही. नाटक मंडळ्यांत हीच वेळ पोराचा आवाज फुटला की यायची. स्त्री-भूमिका करणारा पोरगा एका हंगामात घोगरा व्हायचा, आणि पुढचा पोरगा तयार नसेल तर मालकाची धांदल. बालगंधर्वांचा गळा फुटण्याचं वय ओलांडूनही गोड राहिला, पण वय थांबत नाही. १९३८ च्या सुमारास विजापूरकडच्या बिळगीच्या गोहरबाई कर्नाटकी स्त्री-भूमिका करायला त्यांच्या मंडळीत आल्या.

आम्ही एक केलं. प्रत्येक वाद्याला एक उमेदवार पोरगा कायम बरोबर फिरवायचो. तो वायरी गुंडाळायचा, मॉनिटर उचलायचा आणि शेवटच्या दोन गाण्यांना त्याला बसवायचं.

६. जमवलेला संच आणि जमलेला संच

मुंबईत या शतकाच्या सुरुवातीला 'अ बँड ऑफ बॉइज' निघाला होता. देखणी, गाणारी पाच पोरं निवडून एकत्र आणली होती : करण ओबेरॉय, सुधांशू पांडे, शेरिन वर्गीस, सिद्धार्थ हळदीपूर आणि चिंटू भोसले. अल्बम आले, 'मेरी नींद' गाजलं, २००४ मध्ये त्यांना घेऊन 'किस किस को' हा सिनेमाही निघाला. मग पांगापांग झाली. सुधांशू पांडे अभिनयाकडं वळले, पुढं 'अनुपमा' मालिकेतून घराघरांत पोचले. सिद्धार्थ संगीतकार झाले.

चिंटू भोसले हे आशा भोसले यांचे नातू, म्हणजे दीनानाथांचे पणतू. १९१८ मध्ये किर्लोस्कर मंडळी सोडून स्वतःचा संच काढणाऱ्या माणसाचा पणतू मुंबईतल्या पहिल्यावहिल्या बॉय बँडमध्ये. मास्तर असते तर या गोष्टीवर एक अख्खी संध्याकाळ गेली असती.

कोरियात जमवण्याची तऱ्हा टोकाला गेली. वॉना वन हा अकरा जणांचा ग्रुप २०१७ मध्ये टीव्हीवरच्या मतदानातून निवडला गेला आणि २०१८ च्या अखेरीस करार संपला, कारण मुदतच तेवढी होती. पुढं त्या कार्यक्रमाच्या मालिकेत मतांची फिरवाफिरव झाल्याचं निघालं आणि निर्मात्याला तुरुंगात जावं लागलं. जमवलेला संच वाईटच असतो असं मला वाटत नाही. पण तो जमवणाऱ्याच्या जिवावर चालतो. त्यानं लक्ष काढलं की पोरांना एकमेकांकडं बघावं लागतं, आणि तेव्हा कळतं की ओळखच नाही.

७. ऐकणाऱ्याला गृहीत धरू नये

सुपर ज्युनियर २००५ मध्ये बारा जणांचा होता. पुढच्या वर्षी क्यूह्यून तेरावा आला. कंपनीला आणखी माणसं घालायची होती. चाहते खवळले, तेराच हवेत म्हणाले. रस्त्यावर बसले, आणि एवढ्यानं भागेना तेव्हा त्यांनी कंपनीचे शेअर विकत घेतले, म्हणजे भागधारक म्हणून विरोध करता येईल! शाळा-कॉलेजातल्या पोरींनी! मी आयुष्यभर बाजारात बसलो, पण मागणाऱ्यानं दुकानातच हिस्सा घेतल्याचं ऐकलं नव्हतं. नव्या दोघांची सोय मग चीनसाठीच्या उपसंचात झाली.

गंमत अशी की ज्या तेरांसाठी हे सगळं झालं ते तेरा काही टिकले नाहीत. हानगंग २००९ मध्ये कोर्टात गेला, मग आणखी काही गळाले. पुतणीला हे सांगायचं नसतं, ती विषय बदलते.

८. पुन्हा एकत्र यायचं तर कार्यक्रम एकच धरावा

८ जुलै १९२१. मुंबईचं बालीवाला थिएटर. टिळक स्वराज्य फंडासाठी गंधर्व मंडळी आणि ललितकलादर्श यांनी मिळून 'मानापमान' केलं. बालगंधर्व भामिनी, केशवराव धैर्यधर. दोघांचे चाहते एकमेकांना पाण्यात पाहणारे, दोघांच्या गायकीत जमीन-अस्मानाचं अंतर. तरी जमलं. कारण मला तरी साधं वाटतं : पैसे फंडाचे होते, नाटक दोघांनाही पाठ होतं आणि उद्या पुन्हा एकत्र राहायचं बंधन नव्हतं. तीन महिन्यांत केशवराव गेले. एच.ओ.टी. हा १९९६ चा कोरियन ग्रुप २००१ मध्ये फुटला, त्यानंतर पाचही जण सोलच्या ऑलिम्पिक स्टेडियमवर उभे राहायला २०१८ उजाडलं. सतरा वर्षं निव्वळ ठरवण्यात.

आमचे दोन संचही अलीकडं एका जत्रेत एकत्र आले. डीजेनं सुपाऱ्या खाल्ल्यात, दोघांनाही वेगवेगळं परवडत नाही. साउंड एक, टेम्पो एक, खर्चाचा कागद मीच लिहिला. बिदागीवरून कुणी चकार शब्द काढला नाही. वाद झाला तो पहिलं गाणं कुणी म्हणायचं यावर. चहा झाला, दुसऱ्यांदा चहा झाला, शेवटी निवेदकानं माझ्या वहीतला कागद फाडून चिठ्ठ्या केल्या आणि साउंडवाल्याच्या पोराकडून एक उचलायला लावली. राजकुमारवाला जिंकला.